साहेबांच्या तोंडाचे मार्क

३ नोव्हेंबर, सोमवार

हे रजिस्टर कारखान्यातलं आहे. फर्निचरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं पॉलिश मारलं. कोणत्या कपाटाला पहिला हात कधी दिला, दुसरा कधी, मधे किती तास वाळू दिलं, सगळं लिहून ठेवायचो. बाकीचे हसायचे. पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तेच माझं रजिस्टर शोधत यायचे. रिटायर झालो त्या दिवशी एक कोरं उचलून आणलं, ते साडेतीन वर्षं माळ्यावर पडून होतं. आज झटकून खाली काढलं.

कारण साहेबांचं तोंड. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. तीन वर्षांपूर्वी जिन्यात येऊन बसला, दार उघडं दिसलं तसा आत आला आणि सरळ माझ्या खुर्चीत चढला. ही म्हणाली, "या साहेब, काय सेवा करू?" तेव्हापासून साहेब, आणि तेव्हापासून अहोजाहो. ही म्हणजे बायको.

मुलीला आठवा महिना चालू आहे. काल येऊन गेली. साहेबांनी प्रेमानं तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि ती उठून मोरीकडे पळाली. डोळे पुसत परत आली. म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण बाळाच्या तोंडाशी हे तोंड मला चालणार नाही. मी एक तारखेला राहायला येतेय. तोवर वास घालवा, नाहीतर त्यांना मामाकडे ठेवा."

मामा म्हणजे हिचा भाऊ. शहराबाहेर त्याची लाकडाची वखार आहे. तिथे कुत्रे साखळीला असतात आणि दिवसभर ट्रकवर भुंकतात. साहेबांना आमच्याकडे आल्यापासून कोणी साखळी लावलेली नाही. भुंकले तेही एकूण चार वेळा असतील.

आता खरी गंमत पुढे आहे. मला वास येतच नाही. थिनर आणि स्पिरिटनं नाक कधीच खाऊन टाकलं. दूध नासलंय का, शर्ट धुवायला टाकायचा का, गॅस सुटलाय का, सगळं ही हुंगून सांगते. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत काउंटरला असते ती. कपडा नाकाशी नेला की डाग कशाचा ते सांगते, मालकसुद्धा तिला विचारल्याशिवाय पावडर ओतत नाही. माझं नाक हिच्या तोंडावर आहे, असं मी लोकांना सांगतो.

तेव्हा ठरलं असं. औषध मी करणार, आणि रोज संध्याकाळी ही साहेबांचं तोंड हुंगून मार्क देणार. दहा म्हणजे घर सोडून पळावं असा वास. एक तारखेपर्यंत तीनवर आणायचं.

आजचे मार्क: आठ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी नाही म्हटलं. आमची आधीची कुत्री दात साफ करायला म्हणून नेली होती. भूल दिली ती उठलीच नाही. चालवत नेली आणि नुसता पट्टा हातात घेऊन परत आलो. साहेबांचंही वय झालंय, दहा-अकरा तरी असतील. परत ते नको.

काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्यानं विचारलं, "तोंड माणसाचं की जनावराचं?" मी म्हटलं, जनावराचं. तो म्हणाला, "एकच." पुड्या बांधून दिल्या आणि कुंडीतला पुदिना रोज वापरा म्हणाला.

काम सुरू करण्याआधी मी नेहमी लाकडावर टिचकी मारून बघतो. बद्द आवाज आला तर आतून पोखरलंय, वरून कितीही हात मारा, फुकट. पोरांना हेच शिकवत आलो. साहेबांच्या सुळ्यावर टिचकी मारली. खणखणीत. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडा. माल पक्का आहे, नुसता वरचा थर घालवायचाय.

पहिला हात: पुदिन्याचा काढा, गार करून, पिण्याच्या पाण्यात.

मार्क: आठ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मार्क: आठ. कालही आठ. ही हुंगते आणि साबण लावून हात धुते. मी म्हटलं, हुंगताना हात कशाला लागतो? म्हणाली, सवय.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याचा फोन. म्हणाला, "भावोजी, गेटाजवळ जागा करून ठेवलीय. पत्राही टाकलाय वर." माणूस चांगला आहे. त्याला काय बोलणार? बरं म्हटलं.

मग उगाच साहेबांचा जुना पट्टा काढला, तेल लावून मऊ केला, भोकं तपासली. एक भोक आत घ्यावं लागेल, सैल होतोय. साहेब पायाशी झोपले होते. वखारीत यांना कोण ओळखतं? खुर्ची कोण देणार? माझी फेरी रोज त्यांच्याबरोबर, बोलणं त्यांच्याबरोबर. ते गेले तर सकाळी मी कशासाठी उठायचं, हे मला खरंच माहीत नाही. लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे ते लिहितोय.

मान वर केली तर ही दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. साहेबांजवळ उकिडवी बसली, तोंड हुंगलं, आणि जरा थांबून म्हणाली, "आज कमी वाटतोय बरं का. सात धरा."

सात! मी तिला दोनदा परत हुंगायला लावलं. सातच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा हात: कोथिंबिरीचा रस, दोन चमचे, भातात कालवून. भात अर्धा ठेवला. पण काढा मात्र काय आवडलाय. आधी दिवसाला एक वाडगं पाणी पुरायचं, आता तीन भरून ठेवतो आणि तिन्ही चाटून पुसून साफ. औषध गोड लागतंय म्हणजे अंगी लागतंय. मी हिला म्हटलं, बघ, डॉक्टरकडची एक तरी गोळी यांनी अशी आवडीनं घेतली असती का? ती म्हणाली, "फार पितात हो पाणी." मी म्हटलं, तेच तर सांगतोय.

मार्क: सहा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा हात: बडीशेपेचं पाणी, चिमूटभर हळद. साहेबांच्या मिशा पिवळ्या झाल्या. लग्नाला निघाल्यासारखे दिसतात.

दोनतीनदा सकाळी दाराशी ओलं सापडलं. तीन वर्षांत कधी घरात केलं नव्हतं. दुकानातला म्हातारा म्हणाला, घाण बाहेर पडतेय, पडू द्या. पटलं. जुनं पॉलिश काढताना पण आधी लगदाच निघतो.

गारठा वाढलाय तरी ही सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकते. मी स्वेटर घालून जेवतो. विचारलं तर म्हणते, "हवा खेळती पाहिजे." आणि साहेबांची चटई आता खिडकीखाली सरकवलीय. उजेडात बरं वाटतं म्हणे त्यांना.

मार्क: पाच. अर्ध्यावर आलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पांढरा फेस ओकले. काहीतरी चघळलं असेल. दिवसभर पडून होते. आंघोळ घालताना हाताला कण्याची हाडं लागली. जेवण कमी झालंय म्हणून. हलकं झालं की वयाला बरंच असतं, माझंच पोट बघा.

ही आज म्हणाली, "एकदा दाखवून तर आणू. सफाई नको, नुसतं दाखवू." मी म्हटलं, तूच पाच म्हणालीस ना? औषध लागू पडत असताना मधेच दुसऱ्याचा हात कशाला घालायचा? दोघांनी पॉलिश मारलं की डाग पडतात. त्यावर ती साहेबांजवळ जाऊन बसली. बराच वेळ साहेबांच्या कानामागे खाजवत राहिली.

मार्क: चार.

३० नोव्हेंबर, रविवार

तीन!

मी हिला म्हटलं, खरं सांग. म्हणाली, "तीन म्हणतेय ना." आवाज जरा चिडका होता. लॉन्ड्रीत काम फार आहे सध्या.

मेहुण्याला फोन केला, पत्रा काढून टाक म्हटलं. मग साहेबांना घेऊन खाली एक चक्कर मारली. अर्ध्या वाटेत बसले, मग उचलून आणलं. दोन महिन्यांपूर्वी मला हे वजन उचललं नसतं. माझी तब्येत सुधारली म्हणायची.

१ डिसेंबर, सोमवार

मुलगी आली. ही तिला घ्यायला खाली गेली आणि दोघी जिन्यात बराच वेळ बोलत होत्या. बॅगा जड असतील. वर आली तर मुलीच्या नाकाला रुमाल. म्हणाली, "सर्दी झालीय बाबा."

साहेब उठून तिच्याकडे गेले. हळूच गेले, पण गेले. ती दोन पावलं मागे सरली, मग थांबली आणि लांबूनच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी विचारलं, "काय, फरक आहे की नाही?" ती आईकडे बघून म्हणाली, "हो बाबा. खूपच." तिचे डोळे भरून आले होते. अशा दिवसांत बायका हळव्या होतात. मला इतका आनंद झाला की जेवताना दोनदा वाढून घेतलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मुलीची सर्दी काही जात नाही. दिवसभर खोलीचं दार लावून असते. तिलाही पुदिन्याचा काढा करून दिला. आता दोन पेशंट.

साहेबांनी आज काहीच खाल्लं नाही. पाणी मात्र पाच वाडगी.

मार्क: तीन.

१० डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो.

दुपारी विजेचं मीटर वाचणाऱ्या बाई आल्या. नवीन होत्या, तरुण. मीटर दारामागे आहे, आणि त्याच्याखाली साहेब पडले होते. बाई वाकल्या आणि ताडकन मागे सरकून जिन्यात गेल्या. पदर नाकाला. म्हणाल्या, "काका, आत काही मेलंय का? उंदीर-बिंदीर बघा."

मी हसलो. म्हटलं, बाई, महिन्यापूर्वी आला असतात तर ठीक होतं, आता तीनवर आलाय. त्यांना काही कळेना. मी रजिस्टर आणून दाखवलं. आठ, सात, सहा, पाच, चार, तीन. प्रत्येक दिवसाचं औषध, प्रमाण, वेळ. बाईंनी पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे ही उभी होती तिच्याकडे बघितलं. ही खाली बघत होती.

बाई म्हणाल्या, "काका, तीन नाही हो. आमच्या सासऱ्यांच्या तोंडाला शेवटी शेवटी अगदी अस्साच वास यायचा. त्यांची किडनी गेली होती. डॉक्टरांना दाखवा तुम्ही." मीटरचा आकडा लिहून घेतला आणि गेल्या.

मी हिला म्हटलं, हुंग. ती जागची हलली नाही. मुलगी खोलीतून बाहेर आली होती, रुमालाशिवाय. साहेब तेवढे शेपूट हलवत होते, सगळे एकत्र आले म्हणून.

आज मार्क नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

प्राण्यांच्या डॉक्टर बाई मध्यमवयीन आहेत, बोलायला सरळ. त्यांनी साहेबांचं तोंड उघडलं, हिरड्या बघितल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती वर तशीच उभी राहिली. पाणी किती पितात, विचारलं. मी अभिमानानं सांगणार होतो, तेवढ्यात त्यांचा चेहरा बघितला आणि हळूच सांगितलं. कधीपासून? मी रजिस्टर पुढे केलं. तेरा नोव्हेंबरचं पान त्यांनी दोनदा वाचलं. रक्त घेतलं आणि बाहेर बसायला सांगितलं.

बाकावर ही शेजारी, साहेब आमच्या दोघांच्या पायावर. तिथे तिनं सांगितलं. समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

"एकदाही तीन नव्हता. सातही नव्हता."

"मग किती होता?"

"आठ होता, मग नऊ. मुलगी आली त्या दिवशी दहा. नंतर मला आकडा सापडेना."

मी विचारलं, आणि मुलगी? म्हणाली, "तिला मीच जिन्यात सांगितलं. म्हटलं, तेवढा महिना काढ. ती बिचारी दार लावून उलट्या करायची."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. दूध, शर्ट, गॅस, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एवढी वर्षं मी हिच्या नाकानं जगलो.

रिपोर्ट आला. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी. डॉक्टर बाईंनी समजावलं की वास दातांचा नव्हताच, रक्तात साठलेल्या विषाचा होता. तहान लागायची कारण शरीर ते धुऊन काढायला बघत होतं. मी विचारलं, माझ्या झाडपाल्यानं झालं का? म्हणाल्या, "नाही. तुमच्या पुदिन्यानं काही बिघडलं नाही." जरा थांबून म्हणाल्या, "आणि काही सुधारलंही नाही."

"महिनाभर आधी आणलं असतं तर?"

"काही महिने मिळाले असते कदाचित. नक्की नाही सांगता येत." त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

आता रोज सलाईन. जितके दिवस चालेल तितके.

१३ डिसेंबर, शनिवार

हिच्याशी बोललो नाही. दूध तसंच प्यालो, तिला न विचारता. नासलेलं होतं. घोट घेतल्यावर जिभेला कळलं.

१५ डिसेंबर, सोमवार

सलाईन लावायला तास लागतो. साहेब टेबलावर आडवे, मी पाय धरून. काही तक्रार नाही त्यांची. त्यांनी चावलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर हिला विचारलं, का केलंस. मला वाटलं होतं रडेल. रडली नाही, उलट माझ्यावरच तापली.

"का म्हणजे? तुम्ही रिटायर झालात तेव्हा सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपून होतात. दाढी नाही, बोलणं नाही. मी लॉन्ड्रीतून यायची ते घाबरतच यायची, आत काय बघावं लागेल म्हणून. मग हे येऊन तुमच्या खुर्चीत बसले. त्यांना उठवायला म्हणून तुम्ही उठलात. आणि त्या रविवारी बघते तर तुम्ही पट्ट्याला तेल लावत बसलेले, आणि तोंड परत तसंच. मग काय सांगू, आठ?"

मी साहेबांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

"मला वाटलं, दातच तर आहेत. म्हातारा कुत्रा आहे, येतोच वास. मला काय माहीत आत काय चाललंय." आता आवाज फुटला. "डॉक्टरकडे चला म्हटलं होतं मी. दोनदा म्हटलं."

म्हटलं होतं. दोन्ही वेळा या रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ती खोटं बोलली ते नाकाचं. पण पाच वाडगी पाणी मी माझ्या हातानं भरत होतो. हाडं माझ्या हाताला लागली. दाराशी ओलं मी पुसलं. माझं नाक गेलं होतं, डोळ्यांना काय झालं होतं? आयुष्यभर लोकांना शिकवलं, आधी टिचकी मारा. आणि स्वतः मारली ती दातावर.

हिला म्हटलं, झालं ते झालं. यापुढे खरं सांगायचं. तिनं मान हलवली, साहेबांजवळ बसली, हुंगलं. "दहा," म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.

मार्क: दहा.

१८ डिसेंबर, गुरुवार

मुलीला पहाटे कळा सुरू झाल्या. ही तिच्याबरोबर इस्पितळात. निघताना मुलगी जिन्यातून परत वर आली, पोट धरून. साहेबांच्या समोर खाली बसली, रुमाल नाही काही नाही, आणि त्यांच्या कपाळाला कपाळ लावलं. "कुठेही पाठवायचं नाही हं बाबा यांना," म्हणाली. मी हो म्हटलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, उद्यापासून सलाईन नको. का ते मी विचारलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

नात झाली काल. दोघी सुखरूप. मी फोनवरच ऐकलं, साहेबांना सोडून कसा जाणार? साहेबांना सांगितलं, तुमच्या हाताखाली नवीन माणूस आलंय. एक कान हलला.

आज पाणीही नको म्हणतात. कुंडीतली पुदिन्याची चार पानं चुरगळून नाकाशी धरली. औषध म्हणून नाही. ओळखीचं काहीतरी असावं म्हणून. माझं नाकही तिथेच नेलं, न जाणो वास आला तर. काही नाही.

मार्क विचारायला ही घरी नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

दुपारी साडेबाराला गेले. खुर्चीत गेले. सकाळी चटईवरून उठायचा प्रयत्न करत होते, कुठे जायचंय ते मला कळेना. मग कळलं आणि उचलून बसवलं. मी खाली जमिनीवर बसून होतो. हनुवटी माझ्या खांद्यावर होती, श्वास थेट माझ्या तोंडावर येत होता. जगात मी एकटाच माणूस असेन, ज्याला तिथे बसता आलं. शेवटी शेवटी दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडायला लागलं की मी मोजायला लागलो. मग पुढचा आलाच नाही.

ही इस्पितळातून आली. आमच्या इमारतीला वीतभरसुद्धा माती नाही, सगळी फरशी. मेहुण्याला फोन केला. तो टेम्पो घेऊन आला, माझ्याबरोबर एक बाजू धरून जिना उतरला. वखारीमागे फणसाच्या झाडाजवळ त्यानं स्वतः खड्डा खणला. पट्टा घालू का विचारलं. मी नको म्हटलं.

एवढा आटापिटा केला, आणि शेवटी साहेब वखारीतच गेले.

४ जानेवारी, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काम नव्हतं.

मुलगी आणि नात घरी आल्यात. खिडक्या बंद असतात आता. नात दिवसभर झोपते आणि जागी झाली की सगळ्यांना कामाला लावते. खुर्चीत बसून मी तिला मांडीवर घेतो. खुर्ची जरा मोठी वाटते.

साहेबांची चटई मी टाकू दिली नाही. खिडकीखाली तशीच आहे. रोज संध्याकाळी हिला सांगतो, बघ गं, त्यांचा वास आहे का अजून. एकदा गेला की गेला, मला कळणारही नाही, म्हणून विचारतो. ती लॉन्ड्रीतून येते, पर्स खाली ठेवते, उकिडवी बसून चटई नाकाशी नेते.

मधे दोन दिवस चटई जागेवर दिसली नव्हती. आता आहे. रंग जरा उजळल्यासारखा वाटतो, कडेचा पिवळा डागही गेला. खिडकीखाली ऊन येतं ना, उन्हानं रंग उडतो. लाकडाचंही तसंच होतं.

आज विचारलं तेव्हा तिनं बराच वेळ हुंगलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आहे हो अजून."

लिहून ठेवतो.

आहे.